भरावावरची टिटवी

आमच्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांच्या मध्ये आणखी एक ऋतू येतो. पंचांगात त्याला जागा नाही, पण दापोड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, तिला तो ठाऊक असतो. भरावाचा ऋतू. होळी झाली की डंपर सुरू होतात. कुठल्या तरी डोंगराचा लाल मुरूम घेऊन ते मानकोली नाक्यावरून वळतात, गावातल्या भाताच्या खाचरांत ओततात आणि रिकामे खडखडत परत जातात. मृग लागायच्या आत जमीन वर आली पाहिजे, म्हणजे तिच्यावर जोतं, जोत्यावर पत्रे आणि दिवाळीपर्यंत गोदाम. त्या दोन-तीन महिन्यांत दोरीवर पांढरा सदरा वाळत घालावा आणि संध्याकाळी गुलाबी काढून आणावा. पापड वाळवायचे ते घरात, पंख्याखाली. भाकरीच्या पिठात, चहाच्या कपात, डोळ्यांच्या कोपऱ्यात मुरूम असतोच.

आता गावात भरायला फारसं काही उरलेलं नाही. तरी यंदाही पलीकडच्या गल्लीत दोन प्लॉट निघाले आणि डंपर आले. आणि आज सकाळी मी दूध तापवत असताना टिटवी ओरडली. समोरच्या गोदामाच्या कंपाउंडात खडीचा ढीग आहे, त्याच्यावरून. टिटिव-टिव, टिटिव-टिव, कुणी घरात घुसल्यासारखी. नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "आली बघ तुझी सवत."

हा विनोद आमच्या घरात वीसेक वर्षं चालू आहे. मीही हसते. पण खरं सांगायचं तर हसू यायच्या आधी बारीकसं काही तरी टोचतं, आणि ते अजून जात नाही. बायकांना जावांचा हेवा वाटतो, शेजारणीच्या फ्रीजचा वाटतो, बहिणीच्या गोऱ्या रंगाचा वाटतो. मला एका सबंध वैशाखात एका पक्ष्याचा हेवा वाटला. साध्यासुध्या नाही, चांगल्या जळफळाटाच्या जातीचा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तसं ते मलाच कळत होतं, बाकी सगळे खुशीत होते.

मी शहरातल्या निजामपुऱ्यातली. वडील एका ऑफिसात कारकून, आणि आम्ही लूमच्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली दिवसरात्र मागांचा खडखडाट. लोकांना वाटतं अशा गल्लीतली माणसं मोठ्यानं बोलत असतील. उलट आहे. त्या आवाजात कितीही ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून आमच्या घरात सगळे जवळ येऊन हळू बोलायचे, नाही तर खुणा करायचे. वडील तर नुसत्या भुवया उचलून पाणी मागत. मला कॉलेजात जाईपर्यंत आपला आवाज किती मोठा निघतो हे माहीत नव्हतं. आणि माती म्हणाल तर तेलाच्या पत्र्याच्या डब्यातली, तुळशीपुरती.

कॉलेजात हरेश भेटला, लग्न झालं, आणि मी दापोड्याला आले. घरात सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, सासूबाई, हरेश आणि मी. मोठं घर, मागे विहीर, विहिरीपलीकडे भाताची खाचरं. माणसं मायाळू होती, आजही आहेत. पण त्या घरात सगळंच माझ्या आधीपासून होतं. पाट कुठला, कुणाचा तांब्या कुठला, मीठ कुठल्या बरणीत, सणाला कुठलं पातेलं निघतं. मी नुसती त्यात शिरले होते, भरल्या गाडीत कोपऱ्यावर बसावं तशी.

पहिल्याच पावसाळ्यात मी खाचराच्या एका कोपऱ्यात शिराळ्याच्या बिया लावल्या. डब्यातली तुळस सोडली तर आयुष्यात काही लावलं नव्हतं, त्यामुळे निम्म्या बिया कुजल्या. उरल्या त्या मात्र अशा माजल्या की हरेशला बांबू आणून मांडव घालून द्यावा लागला. गणपतीपर्यंत मांडव वाकला. पुढच्या वर्षी पडवळ आलं, त्याच्या टोकांना मी दगड बांधायची, म्हणजे पडवळं सरळ वाढतात. दर वर्षी मांडव थोडा मोठा. आईकडे जाताना रिक्षातून पिशवीभर शिराळी न्यायची आणि गल्लीतल्या बायका विचारायच्या, "बाजारसे लायी क्या?" मी म्हणायची, "घर की है." हे 'घर की' म्हणताना मला फार बरं वाटायचं. त्या घरात माझ्यानंतर आलेली एवढी एकच गोष्ट होती.

मग आजूबाजूची खाचरं एकेक करून लाल झाली आणि आमच्याकडेही ठरलं. त्यात वाईट काही नव्हतं. भातात कष्ट फार आणि हाती काही लागत नव्हतं. बाबांचे गुडघे गेले होते, हरेश मानकोलीला एका गोदामात सुपरवायझर होता, चिखलात कोण उतरणार? मला एवढंच हवं होतं की मांडवाचा कोपरा सोडावा. मी हरेशला म्हटलं. नेहमीच्या माझ्या आवाजात, जवळ जाऊन. तो म्हणाला, "बाबांच्या कानावर घालतो." त्यानं घातलं. बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी मी निजामपुऱ्याहून परत आले. रिक्षातून उतरून घराला वळसा घालून मागे गेले, कारण घरात शिरण्याआधी मांडवाकडे जायची सवय. तिथे ढीग होता. ताजा, अजून वाफ धरलेला, माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. एका बाजूला बांबूचं टोक बाहेर आलं होतं, त्याला मी बांधलेली सुतळी तशीच. हरेशनं दुसऱ्या दिवशी चौकशी केली. डंपरवाल्याला गाडी वळवायला जागा पुरत नव्हती, म्हणून त्यानं तिथे दोन खेपा टाकल्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणी अडवलंही नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि हेच मला गिळता येईना.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दुसरा कर." बस्स, एवढंच. मला तेव्हा त्यांचा फार राग आला. हरेश म्हणाला, "अगं, विहिरीच्या अंगाला पट्टी आहे ना, ती तुला. ती खोलगट आहे, गोदामात येतच नाही. ती कुणी भरत नाही, बघ." मी मान डोलावली. पट्टी अरुंद होती, पण जमीन काळी होती आणि विहिरीचं पाणी हाताशी होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ती आली.

बाबांचा नेम असा की सकाळी काठी घेऊन शेतावर चक्कर मारायची. शेत राहिलं नव्हतं तरी चक्कर राहिली होती. त्या सकाळी ते गुडघे विसरून झपाझप परत आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, "भराव बंद."

हरेशच्या हातातला कप तसाच राहिला. "काय झालं?"

"टिटवीनं आंडी घातलीन."

आम्ही सगळे बघायला गेलो. डंपरनं दाबून सपाट झालेला मुरूम, त्याच्या मधोमध, जिथे माझ्या मांडवाचा मधला खांब होता जवळजवळ तिथेच, एक उथळ खळगा. बशीएवढा. काडी नाही, कापूस नाही, गवताचं पातं नाही. बारीक खडे चोचीनं गोळा करून कडेनं ठेवलेले, एवढाच काय तो संसार. आत चार अंडी, निमुळती टोकं एकमेकांना लावलेली, मातकट रंगाची, वर काळे डाग. मी दोन पावलांवर उभी होते तरी मला ती आधी दिसलीच नाहीत, खडेच वाटले. आणि दोघं नवरा-बायको आमच्या डोक्यावर घिरट्या घालून कान किटवत होते. एकदा तर तिनं हरेशच्या टोपीला पंख लावला. बाबा खूश झाले.

आमच्याकडे टिटवीला फार मान. रात्री ओरडली तर अपशकुन म्हणून लोक दार लावून घेतात, पण अंडी घातली की ती पाहुणी. तिला ज्या जमिनीवरून उठवलं तिथून पाऊसही उठतो, असं जुनी माणसं सांगतात. शिवाय ती पावसाचा अंदाज देते. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. खाली सखल जागी घातली तर पाऊस बेताचा, बांधावर उंच घातली तर धो-धो. बाबांनी काठी टेकवून भरावाकडे पाहिलं, खाली उरलेल्या जमिनीकडे पाहिलं, आणि निकाल दिला, "कवऱ्या उचीवर घातलीन बगा. यंदा पाऊस लय हाय." गल्लीतली चार म्हातारी माणसं येऊन बघून गेली, त्यांनीही माना डोलावल्या.

कंत्राटदाराचा फोन आला. बाबांनी त्याला सांगितलं, पिल्लं निघेपर्यंत गाडी आत येणार नाही. तो म्हणाला, पाऊस तोंडावर आहे. बाबा म्हणाले, "ता माना टिटवीनं सांगितलाय." त्यांच्या बोलीत 'माना' म्हणजे मला. हरेशनं प्लॉट आखायची पांढरी फक्की आणून खळग्याभोवती ऐसपैस गोल काढला. आणि बघता बघता भराव थांबला. डंपर नाक्यावरूनच दुसऱ्याच्या शेतात वळायला लागले. अंगणात कपडे पांढरे राहायला लागले.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. तिथून तो गोल सरळ दिसायचा. माझ्या मनात एकच वाक्य घोळत होतं: हिच्यासाठी गाड्या थांबल्या. जागा तीच. मी ती खणली, शेणखत घातलं, चार पावसाळे तिथे वाकले, आणि दोन खेपा माझ्यावर ओतल्या गेल्या. ही कुठून तरी उडत आली, खाली बसली, आणि जागा तिची झाली. तिला कुणी 'बघू' म्हणालं नाही.

त्यानंतरचा जवळजवळ महिना मी तिच्यावर पाळत ठेवण्यात घालवला. दुसरं काय करणार, खिडकीच तिकडे होती. जळणारा माणूस जितकं बारकाईनं बघतो तितकं प्रेम करणारासुद्धा बघत नसेल. ती कधी झाडावर बसत नाही हे मी तेव्हा पाहिलं. पलीकडे सावलीच्या भेंडीचं मोठं झाड होतं, विजेच्या तारा होत्या, कुंपण होतं, सगळे पक्षी वर. ही जमिनीवर. पिवळ्या काटकुळ्या पायांनी तुरूतुरू चार पावलं धावायची, थबकायची, मान तिरकी करून ऐकायची, एकदम वाकून काही तरी टिपायची, की पुन्हा तुरूतुरू. डोळ्यांपुढे लाल कातडीचा तुकडा, गळ्याखाली काळं. नटलेली म्हणावं तर नाही आणि साधी म्हणावं तरी नाही. आमच्या गावच्या बायका जत्रेला निघाल्यावर दिसतात तशी.

कुत्रं आलं की तिचं नाटक बघावं. अंड्यांपासून लांब पळत जायची, तिथे पंख पसरून अशी धडपडायची की जणू मोडलाच. कुत्रं हुरळून तिच्यामागे. विहिरीपर्यंत नेलं की ही ठणठणीत, वर उडून शिव्या घालायची. कावळा आला तर नवराही धावून यायचा. दिवसातून कितीदा तरी दोघं जागा बदलायची. तो यायचा, ही उठायची, एक शब्द नाही, कुरकुर नाही, शिफ्ट संपली आणि सुरू झाली. मला त्या वैशाखात दोन दिवस ताप होता. हरेशनं बाहेरून वडापाव आणला आणि माझी ड्युटी तिसऱ्या दिवशी जिथल्या तिथे माझी वाट पाहत होती.

आणि हरेशचे फोन! तो नेमका दुपारच्या सुट्टीत फोन करायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी करायचा तसा. मी हात पुसून धावत जायची.

"काय गं, बसलीय ना?"

"कोण?"

"टिटवी गं. ऊन फार आहे आज."

"बसलीय. मी मात्र उभी आहे."

"अगं, गंमत करतेस होय," म्हणून तो फोन ठेवायचा. त्यानं तेव्हा नवीनच कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता. त्यात पंधरा-वीस फोटो, सगळे मुरुमाचे, आणि तो गोदामातल्या हमालांना दाखवून विचारायचा, अंडी कुठेत सांगा. माझा फोटो त्यात एक होता. त्यातही मी टिटवीकडे बोट दाखवत होते.

एका दुपारी मात्र माझी चांगलीच पंचाईत झाली. धुण्याच्या दगडाशी माझ्या धुण्याचं पाणी साचायचं. ऊन असं की पत्रे कडकडत होते. ती खळग्यावर बसली नव्हती, उभी होती, पंख अर्धे उघडून अंड्यांवर सावली धरून. चोच उघडी, गळा धडधडत होता. मग तो आला, ही निघाली, आणि सरळ माझ्या डबक्यात येऊन बसली. पोट पाण्यात घासलं, पिसं फुलवली, चिंब झाली, आणि थेंब गाळत तशीच पळत अंड्यांवर जाऊन बसली, त्यांना गार करायला. पुन्हा आली. पुन्हा गेली. मी साबणाचा हात तसाच धरून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. म्हटलं, बाई, ही तुझ्या जागेवर बसलीय, तुझं पाणी नेतेय, आणि तू रडतेस कुणासाठी? तरी दुसऱ्या दिवसापासून मी धुणं थोडं उशिरा, उन्हाच्या वेळेला काढायला लागले. हेवा काही कमी झाला नव्हता. दोन्ही एका वेळी होत होतं, एवढंच.

विहिरीलगतच्या पट्टीत मी बिया टोचल्या होत्या. रोहिणी लागायच्या सुमारास त्यांना दोन-दोन पानं आली. त्याच आठवड्यात तिचीही पिल्लं निघाली. एका सकाळी चार अंड्यांच्या जागी ठिपकेदार लोकरीचे चार गोळे, आणि दुपारपर्यंत ते आईमागून चालत भरावाच्या कडेवरून उतरूनसुद्धा गेले. घर सोडताना मागे वळून पाहणं नाही. तिनं एक हाक दिली की सगळे जिथल्या तिथे मातीला चिकटायचे, की दिसेनासे व्हायचे. बाबांनी नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. मीही खाल्लं. माझी पीडा गेली म्हणून मला तर दुप्पट गोड लागलं.

त्या दिवशी जेवताना बाबा खुशीत होते. मी भाकरी वाढत होते. ते हरेशला म्हणाले, "उद्यापासून गारी येल. आन विहिरीच्या अंगाची पट्टी बी भरून घे. टिटवी उचीवर बसली, पाऊस लय परनार. त्या पट्टीन पानी साचून घराच्या पायाला लागंल."

हरेशनं माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. सासूबाईंनी भात पुढे सरकवला. मी तव्याकडे परत गेले आणि पुढची भाकरी करपवली.

म्हणजे टिटवीनं माझी जागा एकदा नाही, दोनदा घेतली. पहिली जागा बसून घेतली, दुसरी न बसताच, नुसत्या शकुनानं. आणि तो शकुनही खोटा. हे मला त्या रात्री इतकं स्वच्छ दिसत होतं की कुणाला कसं दिसत नाही याचं नवल वाटत होतं. ती उंचीवर बसली होती कारण उंची आम्हीच केली होती. डंपरनं. तिला उंचीशी कर्तव्य नव्हतं, तिला खडे हवे होते, अंड्यांच्या रंगाचे. खालच्या काळ्या ढेकळांत तिची अंडी लांबून दिसली असती. महिनाभर मी हे खिडकीतून पाहिलं होतं. बांधावरचा जुना ठोकताळा बाबांनी स्वतः ओतलेल्या मुरुमाला लावला होता, आणि आता त्या हिशेबानं माझी पट्टी जाणार होती.

तरी सकाळी मी काही बोलले नाही. हरेश कामावर गेला, मी पीठ मळायला घेतलं. आणि मागून गाडी रिव्हर्स येते त्याचा तो टींटीं आवाज आला.

मी कशी गेले ते मला आठवत नाही. हातांना पीठ होतं, पदर खोचलेला होता, आणि मी पट्टीत उभी होते, दोन-दोन पानांच्या रोपांच्या मध्ये. डंपरचं मागचं तोंड माझ्याकडे येत होतं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि डोकं बाहेर काढलं. "भाभी, जरा साइड दो."

"नाही देणार!"

तो आवाज माझा होता. मला तो ओळखू आला नाही. विहिरीतून घुमून परत आला, त्यावरून कळलं केवढा निघाला ते. शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. "गाडी मागे आली तर माझ्या अंगावरून न्यायची! आत्ताच सांगते!" मराठीत सांगत होते, पण त्या बिहारी माणसाला चांगलं समजलं. त्यानं इंजिन बंद केलं.

बाबा काठी टेकत आले. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झाला बाय?"

"बाबा, टिटवी उंचावर बसली कारण उंची तुम्ही केलीत. तिला पावसाचं काही माहीत नाही. तिला खडे पाहिजे होते, ते मिळाले, बसली. आणि बसली कुठे? माझ्या मांडवावर! तिच्यासाठी महिनाभर गाड्या थांबवल्यात. माझ्यासाठी कधी थांबवणार?"

बोलता बोलता रडूही यायला लागलं होतं, पण आवाज खाली येत नव्हता. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखर विचारात पडले होते.

"तू कवा सांगितलास, थांबवा म्हनून?"

"हरेशनं सांगितलं होतं."

"हरेशनं सांगितला. तू कवा सांगितलास?"

मी पिठाचे हात पदराला पुसले. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते कळत असूनही मला वाटायचं, मला रडावं लागू नये, न मागता कळावं. टिटवीला न मागता मिळालं असं मी धरून चालले होते. ती तर सकाळपासून अंधार पडेपर्यंत ओरडतच होती.

बाबांनी ड्रायव्हरकडे काठी केली. "गारी घेऊन जा. ही पट्टी न्हाय भरायची." मग माझ्याकडे न बघता घरात गेले. चार-पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, काय हवं ते हरेशला सांगायचे. हरेश दोघांच्या मध्ये टपाल पोचवायचा आणि माझ्याकडे जरा बिचकून बघायचा. ते मला आवडलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

पाऊस त्या वर्षी नेहमीसारखा झाला. ना फार, ना कमी. पट्टीत पाणी साचलं, पण गुडघाभर नाही, घोट्यापर्यंत, आणि ते विहिरीकडे उतरून गेलं. श्रावणात उघडीप पडली तेव्हा मी बाबांकडे मुद्दाम पाहिलं. ते आभाळाकडे बघत म्हणाले, "आजून परतीचा बाकी हाय."

मांडव मात्र झाला. अरुंद पट्टीमुळे तो लांबच लांब झाला, खाली एका वेळी एकच माणूस चालेल असा. भाद्रपदात शिराळी लोंबायला लागली. एका संध्याकाळी मी तोडत होते तर सासूबाई आल्या. पहिल्या मांडवाखाली त्या चार वर्षांत कधी आल्या नव्हत्या. मी पुढे, त्या मागे, पदराचा ओचा करून. मी तोडायची, त्या ओच्यात घ्यायच्या. मी हसत म्हटलं, "आई, तुम्हाला सांगू? सबंध वैशाख मला त्या टिटवीचा हेवा वाटत होता."

त्या हसल्या नाहीत. "टिटवीचा?"

"हो ना. येडेपणा नुसता."

त्यांनी एक शिराळं हातात घेऊन त्याच्या शिरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "माना तुझा वाटला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "माझा?"

"तू वरडलीस ना त्या दिशी. माना लय हेवा वाटला तुझा. मी दारान हुबी व्हती. म्हटलं, ही आली कवा, वरडली कवा, आन गारी थांबली बी." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, तांदूळ निवडताना असतो तसा. "माझी अबोली व्हती. यवरा मोठा वाफा. सासऱ्यांनी मोरी बांधायला काढली, तवा मी आतमदी भाकऱ्या करत व्हती. फावड्याचा आवाज येत व्हता. मी भाकऱ्याच करत बसली."

सबंध उन्हाळा मी खिडकीतून बाहेर बघत काढला होता. माझ्या मागे, त्याच स्वयंपाकघरात, दुसरं माणूस उभं असायचं, आणि मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. दुसरी का नाही लावली, असं विचारणार होते, ते विचारलं नाही. शेवटी नुसतं म्हटलं, "कुठे होती, आई?"

त्या ओचा सावरत मांडवातून बाहेर पडल्या, मागच्या दारानं आत गेल्या, मी त्यांच्यामागून. मोरीत खरकटी भांडी पडली होती, नळ थेंब थेंब गळत होता. त्यांनी भांडी पायानं बाजूला सारली. शोधलं नाही, चाचपलं नाही. त्या सरळ कोपऱ्यातल्या एका फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हितं."